मदत हवी आहे: जंगलातल्या जुन्या खडीच्या रस्त्यावर गाडी थरथरते

रानवाट
परवा पहाटे निघायचे असल्याने कृपया लवकर उत्तर द्यावे. लाकूड वाहण्यासाठी पूर्वी बांधलेला हा रस्ता देखणा आहे. परंतु वेग ताशी ३० किमीच्या पुढे गेला की गाडी इतकी थरथरते की मागच्या वेळी आतला आरसा आपोआप खाली झुकला आणि वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर सरकला. वेग वाढवावा का?

सावकाश
गाडी कोणती, टायरमध्ये हवा किती, सामान किती, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

खडीप्रेमी
वेग वाढवाच. ताशी ६० किमीला चाके खडीत पडलेल्या आडव्या उंचवट्यांच्या माथ्यांवरून तरंगत जातात. मी नेहमी तसेच चालवतो.

सावकाश
तरंगणाऱ्या चाकाला पकड नसते, हे सांगायचे राहिले. आणि गाडी थरथरवणाऱ्या त्या उंचवट्यांच्या आडव्या पन्हळी मुळात वेगाने उड्या मारत जाणाऱ्या चाकांमुळेच पडतात.

जुनेपाने
विचारलेले नाही, तरी सांगतो. स्कॉटिश रस्तेबांधणीकार जॉन मॅकॅडम यांनी १९व्या शतकाच्या आरंभी रूढ केलेल्या पद्धतीत फोडलेली बारीक खडी एकमेकींत अडकून घट्ट बसते आणि मधला भाग किंचित उंच ठेवल्याने पाणी बाजूच्या चरांत उतरते. जुन्या रस्त्यांचे चर बुजले की तेच पाणी कडा पोखरते. म्हणून समोरून वाहन आले तरी अगदी कडेला जाऊ नये.

रानवाट
गाडी साधीच आहे, फोर व्हील ड्राइव्ह नाही. हवा ३६ पीएसआय, टपावर सामान. हे महत्त्वाचे आहे का?

सावकाश
तेच तर महत्त्वाचे आहे! टपावरचे सामान आत खाली घ्या आणि हवा २८ पर्यंत उतरवा, म्हणजे टायर जमिनीवर अधिक पसरून बारीक धक्के स्वतःच पचवेल. मात्र डांबरी रस्ता लागताच ती पुन्हा भरा, कारण कमी हवेत वेगाने चालवल्यास टायर तापतो. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. ब्रेक दाबल्यावर अडकलेल्या, म्हणजे फिरायचे थांबलेल्या चाकापुढे साचणारी खडी गाडीला रोखते, पण एबीएस ही ब्रेकची यंत्रणा चाक अडकूच देत नसल्याने सैल खडीवर गाडी थांबायला जास्त अंतर लागते.

खडीप्रेमी
मग एबीएसचा फ्यूज काढा.

सावकाश
मुळीच काढू नका. चाके अडकली की स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही आणि तिथे वळणेच अधिक आहेत.

रानवाट
आभारी आहे. हवा मोजण्याचे गेज आहे, कंप्रेसर नाही. पायपंपाने चारही चाके भरणे शक्य आहे का?