प्रभाग चारचा की एकाचा?

महालकर : 'एकसदस्यीय वॉर्ड मागणारे हे महिला आणि मागासवर्गीयांच्या आरक्षणाचे छुपे विरोधक आहेत', हे कालचे विधान वाचून गप्प बसवेना. आपल्या नागपुरात एका प्रभागातून चार नगरसेवक निवडतात आणि मतदाराला चार मते द्यावी लागतात; मुंबईत मात्र 227 वॉर्ड एकसदस्यीयच आहेत आणि तिथेही निम्म्या जागा महिलांनाच राखीव असतात. माझा आक्षेप जबाबदारीविषयी आहे. 2019 च्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतली गडर तुंबली, तेव्हा पहिल्या नगरसेवकाने दुसऱ्याचे नाव सांगितले, दुसऱ्याने 'तो भाग माझ्याकडे नाही' म्हटले, तिसऱ्याने फोन उचलला नाही आणि चौथ्या ताईंच्या वतीने त्यांचे यजमान बोलले.

मानेवाड्याची मतदार : काका, यजमानांचा टोमणा अनावश्यक होता; पुरुष नगरसेवकाच्या वतीने त्याचा भाऊ बोलला, तर आपण त्याची नोंदही घेत नाही. माझ्या वहिनींनी एकसदस्यीय वॉर्डात पाच वर्षे घरोघरी काम केले आणि आरक्षणाच्या सोडतीत तो वॉर्ड दुसऱ्याच प्रवर्गाला गेला. चारच्या प्रभागात त्यांना निदान एखादी जागा उरली असती.

जरीपटका : उरली असती, पण पक्षाच्या तिकिटाशिवाय त्या जिंकल्या असत्या का? 2011 च्या जनगणनेतली 24 लाखांवर लोकसंख्या 38 प्रभागांत वाटली, तर एकेका प्रभागात साठ हजारांहून अधिक माणसे येतात. अपक्षाने पायी फिरायचे तरी किती? शिवाय चौथे बटण दाबेपर्यंत यंत्र वाजत नाही, म्हणून आमच्या आजींनी उरलेली तीन मते एकाच चिन्हाला देऊन टाकली.

महालकर : मूळ दुखणे वेगळेच आहे. मार्च 2022 ते जानेवारी 2026 या काळात या शहरात एकही नगरसेवक नव्हता. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी, असे राज्यघटनेचे कलम 243-यू स्पष्ट सांगते. तरी एका राज्य सरकारने तीनचा प्रभाग केला, पुढच्याने पुन्हा चारचा केला, मध्ये ओबीसी आरक्षणाचा खटला चालला आणि प्रशासक बसून राहिले.

मानेवाड्याची मतदार : म्हणजे ओबीसींनी आपला हक्क सोडून द्यायचा होता का? खटल्याला दोष देणे सोपे आहे. प्रभागांची मोडतोड न्यायालयाने नव्हे, मुंबईत बसलेल्यांनी केली.

महालकर : मी हक्क सोडा असे कुठेही लिहिलेले नाही, कृपया माझ्या तोंडी शब्द घालू नका. सोडतीची अडचण खरी आहे, एवढे नाइलाजाने मान्य करतो. मग आरक्षणाचे चक्र दोन निवडणुकांनी फिरवा, त्यासाठी प्रभाग कशाला फुगवता?

मानेवाड्याची मतदार : दोन निवडणुका म्हणजे दहा वर्षे, काका. आधी एक तरी वेळेवर होऊ द्या.