नवी चेन घसरते, कारण कॅसेट

सायकलींच्या वर्षभराच्या आढाव्यात दोघातिघांची तक्रार एकच: सायकलला नवी चेन टाकली तरी चढावर जोर लावला की ती घसरते. अहो, दोष चेनचा नाही! चेन ‘ताणते’ म्हणजे पत्रा लांबत नाही, आतल्या पिना झिजतात. तशीच चालवत राहिलं की कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाचे, दातही त्या वाढलेल्या अंतराप्रमाणे झिजतात आणि नव्या चेनचे रोलर त्यांत नीट बसत नाहीत. म्हणून सर्वांत जास्त वापरलेल्या एक-दोन गिअरवरच घसरते, बाकीच्यांवर नाही.

मोजायला स्टीलची पट्टी पुरते. चेन ताठ धरा, पहिल्या पिनेच्या मध्यापासून पंचविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजा. नवी 304.8 मिमी भरते. 11-12 स्पीडला (म्हणजे कॅसेटमध्ये 11-12 चकत्या असतील तर) 306.3 झाली की लगेच बदला, कॅसेट वाचते. 10 स्पीडपर्यंत 307 चालेल.