उणे दोनचा बेस आणि ३ ची कसोटी

संख्या लिहायला दहाच्या ऐवजी ऋण संख्येचा बेस (पाया) घेणं, म्हणजे उणे बेस, हा नुसता खेळ आहे, त्यात संख्येकडे बघून काहीच कळत नाही असं काही जण म्हणतात. -२ च्या बेसमध्ये अंक फक्त ० आणि १, आणि स्थानांच्या किमती उजवीकडून १, -२, ४, -८, १६ अशा. लहानमोठं पटकन कळत नाही हे खरंय, -२ च्या बेसमध्ये १११ म्हणजे ३ आणि १०० म्हणजे ४, डोकं गरगरतं. पण काहीच कळत नाही हे काही पटलं नाही. चिन्ह तर नुसते अंक मोजून कळतं, विषम असले तर संख्या धन, सम असले तर ऋण (शून्य सोडून), वजाचं चिन्ह लावायची भानगडच नाही.

आणि ३ ने भाग जातो का हे बघायची कसोटीही इथे सोपी आहे. दशमानात ९ साठी अंकांची बेरीज चालते कारण १० ला ९ ने भागलं की बाकी १ उरते, तसंच -२ ला ३ ने भागलं तरी बाकी १च, म्हणजे इथे तीच ट्रिक ३ साठी चालते. ६ घ्या, ११०१० (१६-८-२), बेरीज ३, भाग गेला. -५ म्हणजे ११११ (-८+४-२+१), बेरीज ४ म्हणजे बाकी १, आणि ताळा करून बघा, -५ = ३×(-२)+१, बरोब्बर. साध्या बायनरीत (२ च्या बेसमध्ये) यासाठी एकाआड एक अंक अधिक-वजा करत बसावं लागतं. बाकी नुसता खेळ म्हणाल तर १९५० च्या दशकाच्या शेवटी पोलंडमध्ये या बेसवर चालणारे कॉम्प्युटर बनवले होते, पुढे ती पद्धत रुळली नाही ते सोडा.