आईची डिप्रेशनची गोळी बंद करायची आहे, १४ वर्षं झाली, मदत हवी (जरा तातडीचं)

अर्धा_कप | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार. थोडक्यात लिहिते. आईला १४ वर्षं डिप्रेशनची गोळी चालू आहे. आता ती ठाण्याला माझ्याकडे राहायला आलीये आणि मला ती गोळी बंद करायची आहे. इतकी वर्षं गोळी घेऊन माणसाचं काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलं. गेल्या महिन्यात मावशी गेली. सख्खी, पाठची बहीण. आई रडली नाही. एकदाही नाही. दहाव्याला सगळे घाटावर गेलेले, आणि ही स्वयंपाकघरात पाटावर बसून चहाचे कागदी कप मोजत होती. दहा-दहाच्या चळती लावून. मी जवळ जाऊन बसले तर म्हणाली, "साठ आहेत, पुरतील ना गं?" हीच बाई पूर्वी शेजाऱ्यांनी म्हैस विकली तरी पदराला डोळे पुसायची.

प्रश्न एवढाच : बंद कशी करायची? दिवसाआड द्यायची की अर्धी-अर्धी? कोणी केलं असेल तर सांगा. "डॉक्टरांना विचारा" हे प्लीज नको, विचारून झालंय. ते म्हणतात चालू राहू दे.

डॉक्टर_नाही_मी | ११:५२

कोणती गोळी? किती मिलिग्रॅम? वय? बीपी, शुगर? कोणत्या डॉक्टरांना विचारलंत, मानसोपचारतज्ज्ञ की फॅमिली डॉक्टर? एवढं कळल्याशिवाय कोणी काही सांगितलं तर ते ऐकू नका.

शतावरी | मंगळवार, सकाळी ६:१५

ताई, ॲलोपॅथीने मन बधिर होतं, हे आम्ही कधीपासून सांगतोय. आईंना रात्री दुधातून अश्वगंधा चालू करा, सोबत ब्राह्मी. सात दिवस शिरोधारा. माझ्या नणंदेची नऊ वर्षांची गोळी दीड महिन्यात सुटली.

स्पष्टवक्ता_५७ | ७:०२

आमच्या आईने सात मुलं वाढवली, त्यातली दोन गेली. गोळी सोडा, तिला बसून रडायला वेळ नव्हता. हल्ली जरा उदास वाटलं की डिप्रेशन. तुमचा निर्णय योग्य आहे, एकदम तोडून टाका. सवय ही अशीच सुटते.

गोळीबंद | ७:३०

स्पष्टवक्ते काका, कृपा करून "एकदम तोडा" असलं काही लिहू नका. मी वेन्लाफॅक्सिन ६ वर्षं घेतलं आणि असंच एकदम तोडलं. तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं व्हायचं. टीव्हीचा सिग्नल तुटतो ना, तसा एक क्षण सगळं तुटायचं. ऑफिसचा जिना उतरताना कठडा धरायला लागला. परत सुरू केलं तेव्हा थांबलं.

दुसऱ्या वेळी डॉक्टरांनीच सांगितलं की टप्प्याटप्प्याने उतरवू. माझी कॅप्सूल उघडली की आत बारीक मणी असायचे. ते स्टीलच्या ताटलीत ओतून बायकोच्या कुंकवाच्या काडीने मोजायचो. पंख्याचा वारा आला की हिशेब संपला. १४ महिने लागले. दिवसाआड देणं हा सगळ्यात वाईट मार्ग, रक्तातलं औषध रोज वर-खाली होतं.

पहिला_पाऊस | ८:१०

धागा वाचते आहे. मला मिर्टाझापिन चालू आहे, चार महिन्यांत ९ किलो वाढले. रात्री साडेअकराला उठून शेव खाते. कोणाचं वजन उतरलं का? कसं?

अर्धा_कप | ९:२५

नेहमीचीच गोळी आहे हो. पांढरी, छोटी, रात्री एक. सगळ्या सारख्याच असतात ना? वय ६८. बीपीची गोळी आहे, ती काय सगळ्यांनाच असते. मिरजेचे जे डॉक्टर होते ते केव्हाच रिटायर झाले, त्यांच्या जुन्या चिठ्ठीवर गावातला मेडिकलवाला देत होता. विचारलं ते इथल्या फॅमिली डॉक्टरांना, फोनवर.

@शतावरी, अश्वगंधा कोणत्या कंपनीची घ्यावी?

औषधवाला | ९:४०

मी फार्मासिस्ट आहे, २२ वर्षं काउंटरवर काढली. सगळ्या सारख्या नसतात. पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत जे लिहिलंय ते इथे जसंच्या तसं टाइप करा. बीपीच्या गोळीचंही. अश्वगंधा आत्ता घेऊ नका, का ते पाकीट कळल्यावर सांगतो.

आणि चौदा वर्षं जुन्या चिठ्ठीवर गोळी देणारा माझा तो व्यवसायबंधू... जाऊ दे.

लीड्सवासी | दुपारी १:०५

इंग्लंडमध्ये याच प्रश्नावर चांगला अभ्यास झाला आहे. ॲंटलर नावाची चाचणी, २०२१ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात आली. फॅमिली डॉक्टरांकडे दीर्घकाळ गोळी घेणारे, आता बरं वाटतंय म्हणणारे ४७८ लोक. निम्म्यांची गोळी हळूहळू बंद केली, निम्म्यांची चालू ठेवली, कोणाला काय मिळतंय ते कोणालाच माहीत नाही. वर्षभरात चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना डिप्रेशन परत आलं, बंद केलेल्यांपैकी ५६ टक्क्यांना. तेव्हा डॉक्टर "चालू राहू दे" म्हणाले तर ते अगदीच हवेतलं नाही.

गोळीबंद | १:२०

लीड्सवासी, त्याच आकड्यांचा दुसरा अर्थ असा की बंद करणाऱ्या ४४ टक्क्यांना वर्षभरात काही झालं नाही. आणि त्यांची गोळी साधारण दोन महिन्यांत काढली होती. १४ वर्षांच्या गोळीला दोन महिने म्हणजे धावत्या एसटीतून उडी. त्या ५६ मधले काही डिप्रेशनचे नसून गोळी सुटल्याच्या त्रासाचेच असतील. लक्षणं सारखीच, झोप नाही, रडू येतं, धडधड.

लीड्सवासी | १:४१

ही शंका रास्त आहे. होरोविट्झ आणि टेलर यांनी २०१९ मध्ये लॅन्सेट सायकियाट्रीत हेच मांडलं. गोळीचा डोस आणि मेंदूवरचा परिणाम सरळ रेषेत चालत नाहीत. २० मिलिग्रॅमवरून १० वर आलात तर परिणाम थोडाच घटतो, पण ५ वरून शून्यावर येताना पायाखालची फळीच निघते. म्हणून शेवटचे टप्पे सगळ्यात बारीक हवेत. इथे त्यासाठी काही औषधं थेंबांत मिळतात.

स्पष्टवक्ता_५७ | २:१५

थेंब, मणी, टक्के. बाईंनी साधा प्रश्न विचारला होता. बाय द वे, जनऔषधी दुकानात हीच औषधं पाव किमतीत मिळतात, आणि हे फार्मासिस्ट लोक सांगत नाहीत.

औषधवाला | २:३०

मी स्वतः सांगतो, जा आणि घ्या. पण हा धागा किमतीचा नाही.

स्पष्टवक्ता_५७ | २:३४

झोंबलं वाटतं.

डॉक्टर_नाही_मी | २:५०

अर्धा_कप, पाकीट? आणि अजून एक, आईंना स्वतःला गोळी बंद करायची आहे का? त्याबद्दल तुम्ही एक शब्द लिहिला नाहीत.

"रडू येत नाही" याबद्दल : ही तक्रार खरी असते, या गटाच्या गोळ्यांवर बरेच लोक सांगतात की दुःखही बोथट होतं आणि आनंदही. पण ६८ वर्षांच्या बाईने बहिणीच्या दहाव्याला रडायलाच हवं, असाही नियम नाही.

अर्धा_कप | संध्याकाळी ६:५५

ऑफिसात होते. हे घ्या.

एस्सिटॅलोप्रॅम १० मिग्रॅ, क्लोनाझेपाम ०.५ मिग्रॅ. नावापुढे "प्लस" आहे.

बीपीची : टेल्मिसार्टन ४०, हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५. नावापुढे "एच". ही तीन महिन्यांपूर्वी बदलून दिली, आधी साधी होती. पायावर सूज होती म्हणून.

आणि सांगायचं राहिलं, गोळी मी मागच्या बुधवारीच बंद केली. आज सहावा दिवस. मला वाटलं चार-पाच दिवसांत कळेल. पण परवापासून ती भिंत धरून चालते, हात थरथरतात, झोप नाही. काल मला माझ्या मावशीच्या नावाने हाक मारली, दोनदा. म्हणून काल रात्री धागा काढला. हे गोळी सुटल्याचं आहे ना? किती दिवस राहतं?

औषधवाला | ७:०१

ताई, हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं. आता नीट वाचा.

एक. "प्लस" म्हणजे ती नुसती डिप्रेशनची गोळी नाही. त्यात क्लोनाझेपाम आहे, म्हणजे झोपेच्या, घबराटीच्या गटातलं औषध. याची शरीराला सवय लागते. चौदा वर्षांनंतर ते अचानक तोडलं तर थरथर, निद्रानाश, भ्रम आणि फिटसुद्धा येऊ शकते. आपल्याकडे ही जोडगोळी इतकी चालते की अर्ध्या गिऱ्हाइकांना आत दोन औषधं आहेत हेच माहीत नसतं. सकाळी अश्वगंधेला नको म्हणालो ते याच शंकेने, तिनेही गुंगी वाढते.

दोन. "एच" म्हणजे लघवी वाढवणारं औषध. त्याने रक्तातलं सोडियम उतरतं. एस्सिटॅलोप्रॅमनेही उतरतं, साठीपुढच्या बायकांत जास्त. दोन्ही एकत्र म्हणजे दुप्पट काळजी. सोडियम उतरल्यावर काय होतं? तोल जातो, माणूस गोंधळतो, नावं चुकतात.

यातलं कोणतं आहे हे मी किंवा इथलं कोणीच ओळखू शकत नाही. आज रात्रीच हॉस्पिटलात न्या. कॅज्युअल्टीत दोन्ही पाकिटं दाखवा, बुधवारपासून गोळी बंद आहे हे सांगा, सोडियम-पोटॅशियम करायला सांगा. सकाळची वाट बघू नका.

गोळीबंद | ७:०४

+१. वर मी मण्यांचं जे लिहिलं ते तुमच्यासाठी नाही. निघा.

डॉक्टर_नाही_मी | ७:०६

आईंना जेवणात मीठ कमी देताय का? बीपी म्हणून? तेही तिथे सांगा.

अर्धा_कप | ७:१०

हो, आली तेव्हापासून अळणीच देतेय. निघतोय.

शतावरी | ७:४५

मी गोळी बंद करायला सांगितलं नव्हतं, ती आधीच बंद होती. याची नोंद असावी.

पहिला_पाऊस | रात्री ९:३०

आई बऱ्या होवोत. माझा प्रश्न मागे पडला, वेगळा धागा काढू का?

अर्धा_कप | शुक्रवार, दुपारी ३:२०

उशिरा लिहितेय. सोडियम १२१ आलं. नॉर्मल १३५ च्या पुढे असतं म्हणे. ॲडमिट केलं, सलाईनमधून हळूहळू वाढवलं. घाईने वाढवलं तर मेंदूला इजा होते म्हणून दर सहा तासांनी रक्त काढत होते, दोन्ही हात हिरवेनिळे झालेत. "एच" बंद, बीपीची दुसरी दिली. क्लोनाझेपाम त्याच रात्री परत सुरू केली, एकटी. ती पुढे महिनोन् महिने थोडी थोडी कमी करणार. एस्सिटॅलोप्रॅमऐवजी रात्री मिर्टाझापिन अर्धी. मानसोपचारतज्ज्ञ बाई येऊन आईशी चाळीस मिनिटं बोलल्या, मला बाहेर बसवून.

माझ्यावर ओरडल्या मात्र नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

@डॉक्टर_नाही_मी, आईला काय हवंय हे विचारलं होतंत. काल विचारलं. ती म्हणाली, "रडायला येत नाही हे खरंय. पण तुझे बाबा गेल्यावर आठ महिने मी विहिरीकडच्या दाराला आतून कुलूप लावून ठेवलं होतं, किल्ली शेजारच्या काकूंकडे. तू बंगलोरला होतीस. ते परत नको." मला हे काहीच माहीत नव्हतं. मी फक्त दर रविवारी फोन करत होते.

आणि कपांचं. मी विचारलं नव्हतं, तीच म्हणाली. मावशीच्या घरी प्रत्येक कार्याला चहाचे कप कमी पडायचे, चाळीस वर्षं त्यावरून दोघींची भांडणं. "निदान तिच्या दहाव्याला तरी कमी पडू नयेत म्हटलं."

गोळीबंद | ३:३१

तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

लीड्सवासी | ३:५०

सोडियम १२१ आणि चालत कॅज्युअल्टीत, थोडक्यात वाचल्या. असं काही पुन्हा रात्री-बेरात्री अडलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, २०२२ पासून सुरू आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. इथे लिहिण्याआधी तिथे.

स्पष्टवक्ता_५७ | ४:१०

बरं झालं. माझ्या बीपीच्या गोळीपुढेही "एच" आहे. औषधवाले, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू का?

औषधवाला | ४:१२

करा, काका. पाकिटाचा फोटो पाठवा.

अर्धा_कप, सोडियम परत कधी तपासायचंय?

अर्धा_कप | ४:२०

सोमवारी. मग दर आठवड्याला, महिनाभर.

पहिला_पाऊस | ४:४५

अरे वा, आईंना पण मिर्टाझापिन! शेव घरात ठेवू नका.