मदत हवी आहे: खेळ चालू असताना दुय्यम पात्रे ऐनवेळी कशी उभी करावीत?

नमस्कार. गेले वर्षभर मी चार मित्रांसाठी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा बोलून गोष्ट रंगवण्याचा खेळ चालवतो आहे; त्यात प्रत्येक खेळाडू आपले एक पात्र वठवतो आणि गोष्टीतली बाकीची सगळी माणसे मला वठवावी लागतात. खलनायक, राजदरबार आणि नकाशे यांची तयारी मी मनापासून करतो. परंतु खेळाडू ज्या पहारेकऱ्याशी किंवा नावाड्याशी अचानक बोलू लागतात, त्याच्यासाठी माझ्याकडे काहीच नसते, आणि मग माझी सगळी माणसे एकाच आवाजात, एकाच सौजन्याने, विचारलेली माहिती देऊन मोकळी होतात.

मागच्या खेपेस एका खेळाडूने पुलावर जकात घेणाऱ्या म्हाताऱ्याला विचारले, "रात्री इथे एकटे बसायची भीती नाही वाटत?" प्रश्न फार सुंदर होता. मी गडबडून काहीतरी उत्तर दिले आणि तो प्रसंग तिथेच विझला, याची रुखरुख अजून आहे.

नावांची यादी जवळ ठेवण्याचा उपयोग होतो. वीस बाजूंचा फासा टाकून ठरवलेला 'चिडका' किंवा 'लोभी' स्वभाव मात्र पहिल्या दोन वाक्यांपुरताच टिकतो. त्या माणसाला या क्षणी काय हवे आहे आणि तो काय लपवतो आहे, हे ठरवले तर संवाद पुढे सरकतो असा माझा अनुभव आहे, पण तेवढा विचार करण्यासाठी खेळ थांबवावा लागतो.

आपण हे काही क्षणांत कसे साधता? ज्याला आवाज बदलता येत नाही, त्याने बोलण्याची लय किंवा हातवारे यांवर भर द्यावा का? शिवाय ऐनवेळी सुचलेल्या तपशिलांची नोंद खेळाचा ओघ न तोडता कशी ठेवावी, हेही कृपया सांगावे, कारण तो म्हातारा खेळाडूंना पुन्हा भेटणार आहे.