मदत हवी आहे: डच ‘खेरित’चा अमेरिकेत ‘जॉर्ज’ झाला का?

नमस्कार मंडळी, नवऱ्याच्या घरची वंशावळ जुळवायला घेतलीय आणि पार अडकलेय. त्याचे पूर्वज नेदरलँड्सच्या फ्रीसलंडमधून मिशिगनला आले, हॉलंड गावाच्या बाजूला, जिथे 1847 पासून डच वस्ती आहे. यानचा जॉन, हेन्ड्रिकचा हेन्री, विलेमचा विल्यम, इथपर्यंत सोपं होतं. पण खापरपणजोबा अमेरिकेच्या सेन्ससमध्ये ‘जॉर्ज’ आणि नेदरलँड्सच्या नोंदीत त्या वयाचा जॉर्ज कुणी नाहीच, मग कळलं की खेरितचा गॅरेट व्हायचा तसा जॉर्जपण व्हायचा, आणि शूर्डचाही जॉर्ज केलेला सापडतो! क्लास म्हणजे खरं तर निकोलस, पण कित्येक जण क्लॅरेन्स झाले. अर्थबिर्थ काही नाही, आवाज जरा जुळला की झालं, आपला संदीप तिकडे सँडी होतो तसंच.

थोरल्या मुलाला बहुतेक वडिलांच्या वडिलांचं नाव द्यायचे म्हणतात, आणि जॉर्जच्या थोरल्या नातवाचं नाव गॅरेट आहे, म्हणून मी खेरित धरून चाललेय. हे बरोबर वाटतं का? आणि खापरपणजी ‘केट’ म्हणजे त्राइन्त्येच असेल की अजून काही असू शकतं? कुणी डच नोंदी चाळल्या असतील तर प्लीज सांगा, आधी चर्चच्या नोंदी बघू की 1811 नंतरच्या सरकारी?