विटांच्या भिंतींना खालून चढणारी ओल आणि लोणा : कायमचा उपाय कोणता?

सेलूकर (प्रश्न) :
परभणी जिल्ह्यातील आमचे घर १९९० च्या सुमारास नऊ इंची वीटकामात बांधलेले आहे. दर्शनी खोलीच्या भिंतींवर जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांपर्यंत गिलावा फुगतो, पांढरा लोणा (क्षारांची पूड) फुटतो आणि रंगाचे पापुद्रे निघतात. त्या उंचीच्या वर मात्र भिंत कोरडी आहे. या भिंतीत पाण्याची पाइप नाही आणि छतही गळत नाही. खालचा गिलावा काढून वॉटरप्रूफिंग पावडर घातलेला सिमेंटचा गिलावा करावा आणि त्यावर चार फुटांपर्यंत टाईल्स लावाव्यात, असे गवंडी सुचवतो, तर भिंतीला छिद्रे पाडून रसायन भरावे, असे रंगाच्या दुकानात सांगितले. खर्च करण्यापूर्वी जाणकारांनी मत द्यावे, ही विनंती.

जोते_आणि_पाया :
आपण सांगितलेली लक्षणे जमिनीतून चढणाऱ्या ओलीचीच दिसतात. वीट आणि सांध्यातील मसाला यांच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी केशाकर्षणाने वर ओढले जाते, आणि ते वर चढण्याचा वेग व पृष्ठभागावरून वाळण्याचा वेग जिथे सारखे होतात तिथे, म्हणजे बहुधा तीन-चार फुटांवर, ओलीची रेघ थांबते. टाईल्स लावल्यास वाळण्याची वाटच बंद होईल आणि ओल टाईल्सच्या वर, पाचव्या-सहाव्या फुटावर दिसू लागेल. त्यामुळे गवंड्याचा उपाय मी तरी करणार नाही.
रसायनाचा विचारही तूर्त बाजूला ठेवावा. त्या काळच्या बांधकामात जोत्यावर काँक्रीटचा ओलरोधक थर, ज्याला आपल्याकडे सगळे डीपीसी म्हणतात, बहुधा घातलेला असतो. तो निकामी होण्यापेक्षा त्याला वळसा घालून ओल वर जाण्याचे प्रकार अधिक आढळतात. बाहेरची जमीन आज जोत्याच्या कितव्या थरापर्यंत आली आहे, हे पाहून कळवावे.

सेलूकर :
समोरचा रस्ता सिमेंटचा होताना उंच झाला, म्हणून आम्हीही अंगणात मुरूम टाकून पेव्हर ब्लॉक बसवले. आता ब्लॉक आणि खोलीतील फरशी जवळजवळ एकाच पातळीत आहेत, आणि बाहेरचा गिलावा थेट ब्लॉकपर्यंत उतरलेला आहे.

जोते_आणि_पाया :
मग दोष तिथेच आहे. डीपीसी मुरुमाखाली गाडली गेली असून भराव आणि बाहेरचा गिलावा तिच्यावरून ओल भिंतीत पोहोचवत आहेत. भिंतीलगतचे ब्लॉक दीड-दोन फूट रुंदीत काढून भराव डीपीसीच्या किमान सहा इंच खाली न्यावा, आणि तेवढ्या पट्ट्यातील बाहेरचा गिलावाही खरवडावा. मात्र आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे पायालगत खोल चर खणू नये. उघड्या झालेल्या पट्टीत भिंतीपासून दूर उतार असलेली काँक्रीटची पट्टी करावी आणि तिचा भिंतीकडील सांधा डांबराने भरावा, कारण माती हलली की तोच आधी उघडतो. समोरचा रस्ता उंच असल्याने पट्टीवरचे पाणी गटारात किंवा शोषखड्ड्यात नेण्याची सोय आधी करावी. नाहीतर तिथे तळे साचेल.

नांदेड_गोदाकाठ :
यात लोण्याकडे दुर्लक्ष होऊ नये. मराठवाड्यात बोअरचे पाणी अनेक ठिकाणी खारट असते, आणि त्याच पाण्याने विटा भिजवल्या व गिलाव्यावर पाणी मारले, तर क्षार भिंतीत आधीच शिरलेले असतात. काही क्षार हवेतील दमटपणा शोषतात, म्हणून खालची ओल थांबल्यावरही पावसाळ्यात तीच भिंत ओलसर वाटते आणि काम फसले असा समज होतो. लोणा कोरड्या ब्रशने झाडून घराबाहेर टाकावा. धुतल्यास तो विरघळून पुन्हा विटेत जातो. नव्या गिलाव्यासाठी टाकीचे गोडे पाणीच वापरावे.

सेलूकर :
दोघांचेही आभार. आतला गिलावा केव्हा करावा, आणि रसायनाची गरज उरते का?

जोते_आणि_पाया :
ओलीच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंतचा गिलावा दिवाळीनंतर काढून विटा उघड्या ठेवाव्यात. भिंत वाळण्याचा ढोबळ हिशेब इंचाला महिना असा धरतात; दोन्ही बाजू उघड्या असतील आणि आपला उन्हाळा मिळाला, तर काम लवकरही होते, पण एक उन्हाळा तरी जाऊ द्यावा. त्यानंतर निव्वळ सिमेंटऐवजी एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग वाळू असा गिलावा करून त्यावर चुन्याचाच रंग द्यावा, म्हणजे उरलेली ओल बाहेर पडू शकेल. ऑइल पेंट आणि प्लास्टिक पेंट टाळावेत.
एवढे करूनही पुढील पावसाळ्यानंतर रेघ पुन्हा चढली, तरच डीपीसी फुटली असे समजून बाहेरच्या जमिनीपासून सहा इंच वरच्या मसाल्याच्या सांध्यात चार-पाच इंचांवर छिद्रे घेऊन सिलेन-सिलॉक्सेन या पाणी रोखणाऱ्या रसायनाचे क्रीम भरून घ्यावे. पातळ द्रव घेऊ नये, कारण जुन्या वीटकामात सांधे पोकळ असले की तो वाहून जातो.